शेडरचा तुकडा सापडतो, पण चालत नाही: मग टूल कोणतं घ्यायचं?

ऐरोलीहून तुम्ही जे विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही इव्हेंटसाठी लाइव्ह व्हिज्युअल्स करता. शेडर, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा, ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम. शेडरटॉय या शेडरच्या साइटवरून, गिटहबवरून आणि चॅटबॉटकडून जमवलेल्या शेकडो जीएलएसएल (शेडर लिहायची भाषा) फाइल्स एका फोल्डरमध्ये पडून आहेत. नवरात्रीच्या आधी असं टूल हवंय की ‘धुरासारखं’ किंवा ‘पाण्यावरचा उजेड’ एवढं टाइप केलं की कामाचा कोड हातात पडावा. तयार टूल घ्यायचं की एम्बेडिंग (अर्थ आकड्यांत मांडून जवळचं शोधणं) लावून स्वतः बनवायचं, हा तुमचा प्रश्न. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की सापडलेल्यातले बरेचसे तुकडे ‘आमच्या सेटअपवर चालतच नाहीत’.

माझ्या मते दुखणं त्या शेवटच्या वाक्यात आहे. काही शे फाइल्समध्ये शोधणं ही फार मोठी अडचण नसते, साध्या टेक्स्ट सर्चनेही भागतं. अडचण पुढे येते. सापडलेला तुकडा काय गृहीत धरून लिहिलाय हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून टूल निवडताना ‘किती छान शोधतं’ यापेक्षा ‘शोधून दिलेल्या कोडबरोबर त्याच्या अटी देतं का’ हे बघा. माझं बाकीचं सगळं उत्तर याच धाग्यावर आहे.

पुढचं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही टचडिझायनर किंवा रेझोल्यूम या लाइव्ह व्हिज्युअल्सच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करता, ब्राउझरमध्ये की युनिटी या गेम इंजिनमध्ये, हे तुम्ही लिहिलेलं नाही. शोच्या दिवशी मशीन तुमचं असतं की एलईडीवाल्याचं, हेही नाही. मी ठाण्यात राहून स्टेज, प्रदर्शनं आणि मंडळांची कामं करते, बहुतेक टचडिझायनर आणि ब्राउझरमध्ये. गेम बनवणारा माणूस यातल्या काही मुद्द्यांवर वेगळं बोलेल, आणि त्याच्या जागी ते बरोबरही असेल.

आधी एक फरक समजून घ्या: अख्खा शेडर आणि सुटं फंक्शन. शेडरटॉय २०१३मध्ये इनिगो किलेझ आणि पोल जेरेमियास यांनी सुरू केलं. तिथला प्रत्येक शेडर हे एक पूर्ण दाखवायचं काम असतं. त्यातून आपल्याला हवा असतो एखादा नॉइज (धूर-ढगांसारखा पोत देणारं फंक्शन) किंवा कडा मऊ करायची एक युक्ती. पण आपण काय करतो, एक बटण हवं म्हणून अख्खा शर्ट घेऊन येतो. मग त्याच्याबरोबर शेडरटॉयची सगळी गृहीतकं येतात. रिझोल्यूशन, वेळ, माउस आणि चार चॅनेल (चित्र, आवाज असं काही जोडायच्या जागा) ती साइट आपणहून पुरवते, तुमचं सॉफ्टवेअर तसं पुरवेलच असं नाही.

आवाजावर हलणारे शेडर तुमच्याकडे काळे पडतात, त्याचं कारण बहुधा हेच. शेडरटॉय आवाज शेडरला टेक्स्चर (चित्रासारखा आकड्यांचा तक्ता) म्हणून देतं, ५१२ बाय २ पिक्सेलचं. एका ओळीत फ्रिक्वेन्सीचा स्पेक्ट्रम आणि दुसरीत वेव्हफॉर्म. कोडमध्ये फक्त ‘चॅनेल शून्य वाच’ एवढंच दिसतं. तुमच्याकडे त्या जागी काहीच जोडलेलं नसेल तर उत्तर शून्य येतं, आणि शून्याने गुणलं की पडदा काळा. कोडमध्ये चूक कुठेच नाही, त्यामुळे एररही येत नाही. टचडिझायनरमध्ये तसंच ५१२ बाय २चं टेक्स्चर तयार करून जोडलं की तोच शेडर नाचायला लागतो.

आता तयार पर्याय. मूळ जीएलएसएल भाषेत एका फाइलमधून दुसरी फाइल ओढून घ्यायची सोय नाही. एक्स्टेन्शन आहेत, पण ब्राउझरमध्ये ती चालत नाहीत. त्यामुळे ही कमी कुणीतरी बाहेरून भरून काढावी लागते. जावास्क्रिप्टच्या जगात ग्लस्लिफाय हे काम करत आलंय. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या कोड-भांडारातल्या पॅकेजसारखं फंक्शन मागवायचं, ते बिल्डच्या वेळी जोडलं जातं, आणि दोन फाइल्समध्ये एकाच नावाची फंक्शन्स असतील तर ते नावं बदलून टक्कर टाळतं. तुमचा सगळा व्याप आधीपासून नोडवर (ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टवर) असेल तर ठीक. नसेल तर केवळ यासाठी तो संसार मांडू नका.

व्हीडीएमएक्स किंवा मॅडमॅपर ही व्हिज्युअल्सची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी आयएसएफ सोयीचं. व्हिडव्हॉक्सच्या या फॉरमॅटमध्ये शेडरच्या डोक्यावर जेसनचा (नाव-किंमत अशा जोड्यांत लिहिलेल्या माहितीचा) एक ब्लॉक असतो. त्यात कोणते इनपुट लागतात, त्यांची किमान-कमाल किंमत किती, हे लिहिलेलं असतं. ते वाचून सॉफ्टवेअर स्लायडर आपोआप तयार करतं. अटी कोडबरोबरच प्रवास करतात, हा त्यातला मला आवडलेला भाग. पण आयएसएफ हे अख्ख्या इफेक्टसाठी आहे, सुट्या फंक्शनसाठी नाही.

सुट्या फंक्शनसाठी माझी पहिली पसंती लिजिया, पॅट्रिसिओ गोन्झालेझ व्हिवोने सुरू केलेली लायब्ररी. तिची शिस्त साधी आहे: एका फाइलमध्ये एक फंक्शन. फोल्डरही कामावरून पाडलेले, म्हणजे गणित, स्पेस, रंग, जनरेटिव्ह, एसडीएफ (अंतराच्या सूत्राने काढलेले आकार), फिल्टर, लायटिंग असे. प्रत्येक फाइलच्या वर फंक्शन कुणी लिहिलं, काय करतं, कसं वापरायचं आणि कोणते पर्याय आहेत ते नोंदवलेलं. तेच फंक्शन बऱ्याच ठिकाणी एचएलएसएल आणि मेटल या दुसऱ्या शेडर-भाषांमध्येही मिळतं. इन्क्लूडच्या, म्हणजे दुसरी फाइल ओढून घेणाऱ्या, ओळी सोडवून अख्खा कोड देणारा रिझॉल्व्हरही त्यांच्या साइटवर आहे. तुमच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्यायचं तर लिजियाची पूर्ण कॉपी डिस्कवर उतरवा, आणि तुमच्या शेकडो फाइल्सपैकी जे तिच्यात आहे ते फोल्डरमधून काढून टाका. तुम्हाला आश्चर्य वाटेल इतकं बाद होईल, कारण लोकांचे निम्मे शेडर त्याच दहा-बारा फंक्शन्सवर उभे असतात.

‘डिस्कवर उतरवा’ असं मुद्दाम म्हणते. शोच्या वेळी ऑनलाइन रिझॉल्व्हरवर विसंबू नका. दहीहंडीला ठाण्यातल्या एखाद्या नाक्यावर मोबाइल नेटवर्कचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. सगळे इन्क्लूड घरी सोडवून एकच सपाट फाइल करायची आणि तीच शोला न्यायची.

अटी म्हणजे नक्की काय, हे दोन उदाहरणांनी सांगते, कारण रात्री उशिरा डोकं खाणारे प्रकार बहुतेक याच जातीचे असतात.

पहिलं उदाहरण वेळेचं. ओपनजीएल ईएसमध्ये, म्हणजे मोबाइल आणि ब्राउझरच्या शेडरमध्ये, फ्रॅगमेंट शेडरमधल्या फ्लोटला (अपूर्णांकी संख्येला) ठरलेली प्रिसिजन, म्हणजे अचूकता, नसते. ती आपण लिहावी लागते. कितीतरी नमुना-कोडमध्ये वरती ‘मीडियमपी’ (मध्यम प्रिसिजन) लिहिलेलं असतं आणि आपण ती ओळ तशीच उचलतो. लॅपटॉपची ग्राफिक्स कार्डं ती सहसा मनावर घेत नाहीत, सगळं ३२ बिटमध्येच चालवतात. म्हणून घरी सगळं झकास दिसतं. तोच कोड एलईडीवाल्याच्या अँड्रॉइड प्लेअरवर गेला की तिथली चिप खरोखर १६ बिट वापरू शकते. १६ बिटच्या फ्लोटमध्ये संख्या जितकी मोठी होते तितकी तिची पायरी (लगतच्या दोन संख्यांमधलं अंतर) मोठी होते. वेळ ६४ सेकंदांच्या पुढे गेली की पायरी एक षोडशांश सेकंदाची होते, आणि २५६ सेकंदांच्या पुढे पाव सेकंदाची. म्हणजे आरती सुरू होताना धूर गुळगुळीत वाहतोय, आणि चार-सव्वाचार मिनिटांनी तो झटके देत पुढे सरकतोय. टेस्टिंगला आपण अर्धा मिनिट बघतो, त्यामुळे हे घरी कधी दिसतच नाही.

‘हायपी’ (जास्त प्रिसिजन) लिहिलं की एका संध्याकाळपुरतं भागतं. पण वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये स्टॉलवर किऑस्क लावलाय आणि मशीन रात्रीही बंद होत नाही, अशी कामं असतात. ३२ बिटमध्येही साधारण तीन दिवसांनंतर सेकंदांच्या आकड्याची पायरी एक बत्तिसांश सेकंदाची होते. साठ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम साठाव्या भागाची, म्हणजे आता दोन-दोन फ्रेम सारख्याच दिसायला लागतात. यावर उपाय शेडरच्या आत नाही. वेळ बाहेर सीपीयूवर डबल प्रिसिजनमध्ये मोजायची, समजा १२० सेकंदांच्या चक्रात गुंडाळायची, आणि मगच शेडरला द्यायची. चक्र फिरताना सांधा दिसू नये म्हणून स्वतःकडे परत येणारा, पीरिऑडिक नॉइज घ्यायचा. किंवा चार मितींचा नॉइज घेऊन दोन मिती वर्तुळावर फिरवायच्या. म्हणजे ‘नॉइज’ या एका शब्दाने शोधलं तर पुरत नाही, तो पीरिऑडिक आहे का ही अट नोंदीत हवी.

नॉइजच्या आतल्या हॅशचंही (बेताल वाटणारा आकडा काढणाऱ्या सूत्राचंही) तसंच. साइन घेऊन, तिला ४३७५८.५४५३ने गुणून, अपूर्णांक ठेवायचा, हे एका ओळीचं जुनं हॅश तुमच्या फोल्डरमध्ये नक्की डझनभर ठिकाणी असेल. साइनची अचूकता प्रत्येक कार्डावर सारखी नसते, आणि इतक्या मोठ्या आकड्याने गुणल्यावर तो फरक डोळ्यांना दिसतो. एका मशीनवर रेती, दुसऱ्यावर पट्टे. डेव्ह हॉस्किन्सने साइनशिवायची हॅश शेडरटॉयवर एमआयटी परवान्याने ठेवली आहेत. सरसकट बदलून टाका.

दुसरं उदाहरण भाषांतराचं. समजा झेंडूच्या तोरणाचा रिपीट होणारा पॅटर्न तुम्ही जीएलएसएलमधून युनिटीत, म्हणजे एचएलएसएलमध्ये, नेला. मिक्सचं लर्प केलं, फ्रॅक्टचं फ्रॅक केलं, मॉडचं (बाकी काढणाऱ्या फंक्शनचं) एफमॉड केलं, कंपाइल झालं. उजवीकडे तोरण व्यवस्थित आणि मध्यापासून डावीकडे फुलं तुटलेली. जीएलएसएलचं मॉड भागाकार खाली पूर्णांकात उतरवतं, एचएलएसएलचं एफमॉड शून्याकडे छाटतं. उणे ०.३ला १ने मॉड केलं तर पहिल्यात ०.७ येतात, दुसऱ्यात उणे ०.३च राहतात. कोऑर्डिनेटचा शून्य पडद्याच्या मध्ये आणला की डावी बाजू उणे होते, म्हणून बिघाड फक्त तिकडे. वेबजीपीयू या ब्राउझरमधल्या ग्राफिक्सच्या सोयीच्या डब्ल्यूजीएसएल भाषेत टक्क्याचं चिन्हही छाटणाऱ्या जातीचंच आहे. तिथे एका ओळीचं स्वतःचं फंक्शन लिहायचं: एक्स वजा वाय गुणिले फ्लोअर (एक्स भागिले वाय). चॅटबॉट हे भाषांतर करताना कधी लक्षात ठेवतो, कधी नाही.

आता माझी पद्धत. दिसायला फारशी आकर्षक नाही. प्रत्येक फाइलच्या वर ठरलेल्या ओळी: काय घेतं, काय देतं, उत्तर ० ते १ येतं की उणे १ ते १, कोऑर्डिनेट पिक्सेलमध्ये लागतात की ० ते १मध्ये, आणखी कोणत्या फाइल्स लागतात, परवाना कोणता, आणि कुठून आणलं. रेंजची ओळ तर सोडूच नका. उणे १ ते १चा नॉइज थेट रंगाला लावला की निम्मा भाग काळा पडतो आणि माणूस तासभर रंगांशी भांडत बसतो. शोधाचं काम रिपग्रेप आणि एफझेडएफ ही कमांड-लाइनवरची शोधायची टूल्स करतात. निवडलेल्या फाइलचे इन्क्लूड सोडवणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे. तिच्यामागे ग्लस्लँगचा व्हॅलिडेटर चालतो, म्हणजे भाषेच्या चुका टचडिझायनर उघडण्याआधीच कळतात. शेवटी जीएलएसएल-व्ह्यूअर त्याचं एक छोटं चित्र काढून ठेवतो. बस, एवढंच टूल. ‘धुरासारखं’ यासाठी वर्णनाच्या ओळीत मी ‘धूर, ढग, संगमरवर, मेंदी’ असे दिसण्याचे शब्दही टाकते. कारण हे सगळं बहुतेकदा एकच असतं: एफबीएम (लहान-मोठ्या नॉइजचे एकावर एक थर), त्यात वाकवलेले कोऑर्डिनेट.

त्याची किंमतही नोंदवा. नेहमीचा दुहेरी वाकवलेला एफबीएम घेतला तर एका पिक्सेलमागे पाच एफबीएम होतात. प्रत्येकात सहा थर धरले तर तीस नॉइज. फुल एचडीत साठ फ्रेमला सेकंदाला सुमारे १२.४ कोटी पिक्सेल, म्हणजे जवळपास पावणेचारशे कोटी नॉइज. चांगलं कार्ड हे हसत करेल, इंटिग्रेटेड ग्राफिक्सवाला लॅपटॉप नाही. इथे मला एक वेगळीच गोष्ट उपयोगी पडते: एलईडीवाल्याला पिचबरोबर (दोन एलईडींमधलं मिलिमीटरमधलं अंतर) कॅबिनेट (वॉल ज्यांची बनते ते चौकोन) किती ते विचारायचं. ३.९१च्या पिचचं ५०० मिलिमीटरचं कॅबिनेट म्हणजे १२८ बाय १२८ पिक्सेल. सहा मीटर बाय तीन मीटरची वॉल म्हणजे बारा बाय सहा कॅबिनेट, एकूण १५३६ बाय ७६८. तो सवयीने ‘फुल एचडी द्या’ म्हणेल आणि प्रोसेसर ते लहान करेल. तुम्ही नेमक्या मापात रेंडर केलं तर काम चाळीस टक्क्यांहून जास्त हलकं होतं, आणि बारीक रेषा स्केलिंगमध्ये फाटत नाहीत ते वेगळंच.

परवान्याबद्दल थोडक्यात, पण ऐका. शेडरटॉयवर लेखकाने वेगळं लिहिलं नसेल तर कोड क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नॉन-कमर्शिअल, शेअर-अलाइक परवान्याखाली असतो. पैसे घेऊन केलेला इव्हेंट त्यात बसत नाही, मंडळ कितीही भाविक असो. किलेझच्या कितीतरी शेडरच्या डोक्यावर एमआयटी परवाना लिहिलेला असतो, ते वापरा. लिजियाही व्यावसायिक वापरासाठी फुकट नाही. तिचा एक परवाना बिगर-व्यावसायिक कामासाठी आहे आणि दुसरा प्रायोजक व योगदान देणाऱ्यांसाठी. महिन्याला छोटी स्पॉन्सरशिप द्या आणि मोकळे व्हा. पूर्ण मोकळा सिंप्लेक्स नॉइज हवा असेल तर अ‍ॅशिमा आर्ट्सचा वेबजीएल-नॉइज एमआयटीखाली आहे, पीरिऑडिक क्लासिक नॉइजसकट.

राहिलं एम्बेडिंग. काही शे फाइल्ससाठी व्हेक्टर डेटाबेस उभा करू नका. करायचंच असेल तर कोडचं एम्बेडिंग करून फार हाती लागत नाही, कारण शेडरमध्ये कॉमेंट नसतात आणि व्हेरिएबलची नावं पी, क्यू, आर अशी. वरच्या नोंदीचं आणि काढलेल्या चित्राचं एम्बेडिंग करा, त्यात ‘पाण्यावरचा उजेड’ सापडण्याची शक्यता तरी आहे. चॅटबॉट मी नोंदींचा कच्चा मसुदा लिहायला वापरते. पण त्यालाच ‘लायब्ररीतून आणून दे’ म्हटलं तर तो नसलेल्या फाइलचा अगदी पटेल असा पत्ता देतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये इन्क्लूड सोडवताना अशी फाइल लगेच पकडली जाते, चॅटच्या खिडकीतून थेट पेस्ट करणाऱ्याला ते शोच्या मशीनवर कळतं. परवान्याचा धोका वेगळा. २०२१मध्ये गिटहब कोपायलटने क्वेक थ्रीमधलं प्रसिद्ध व्यस्त वर्गमुळाचं फंक्शन मूळ कॉमेंटसकट ओकलं होतं, आणि वर भलताच परवाना चिकटवला होता. शेडरची गाजलेली फंक्शन्स नेटवर हजार ठिकाणी चिकटवलेली आहेत, तेव्हा तेच इथेही होणार.

नवरात्रीला वेळ कमी असेल तर सगळा फोल्डर आवरायला बसू नका. मागच्या एक-दोन शोमध्ये खरोखर वापरलेले शेडर तेवढे बाजूला काढा. त्यातले हॅश बदला, हायपी करा, वेळ चक्रात गुंडाळा, नोंदी लिहा, आणि त्याच प्लेअरवर किंवा लॅपटॉपवर निदान अर्धा तास चालवून बघा. बाकीच्या फाइल्स दिवाळीनंतर. सॉफ्टवेअर कोणतं आणि शोच्या मशीनचं कार्ड कोणतं ते कळवलंत तर इन्क्लूड सोडवणारी स्क्रिप्ट तुमच्या बेताची कशी करायची ते इथेच पुढे लिहीन.